चेहऱ्यावरचा हिरवा पट्टा झाकून बघा

कलाशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षात असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "मातीसने बायकोच्या चेहऱ्यावर कपाळापासून नाकावरून खाली हिरवा पट्टा ओढला, ते चित्र महान ठरलं. मी मैत्रिणीच्या व्यक्तिचित्रात निळे गाल आणि जांभळी मान रंगवली, तर सर म्हणाले भडक झालंय. फोव्हिझम म्हणजे मनाला येतील ते रंग लावायचे, असंच ना? मग माझं चुकलं कुठे? आणि असं काम करायला रंग कोणते घ्यावेत?"

नाही, असं नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि त्यामुळे चांगल्या हाताच्या मुलांचं नुकसान होताना मी पाहिलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी तीसेक वर्षं तैलरंगात काम करतो, त्यातली वीस वर्षं शिकवतोही. निळ्या गालांचं चित्र मीही तुमच्या वयात रंगवलं होतं. ते का फसलं, हे कळायला मला बराच काळ लागला.

फोव्हिझम ही फ्रेंच चित्रकार आंरी मातीस आणि त्याच्या मित्रांची १९०५ च्या सुमारासची चित्रशैली. फोव्हिस्ट चित्रातल्या प्रत्येक रंगाला काम नेमून दिलेलं असतं. चारशे वर्षं युरोपच्या चित्रात जे काम उजेड आणि अंधार करत आले, ते या मंडळींनी रंगाकडे सोपवलं. एवढी एक गोष्ट पक्की धरलीत तर बाकीचं आपोआप उलगडतं.

आधी तो हिरवा पट्टा. चित्र १९०५ सालचं, मातीसने काढलेलं त्याच्या बायकोचं, आमेलीचं. मूळ चित्र कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे आणि ते अवघं ४०.५ × ३२.५ सेंटिमीटरचं आहे. पुस्तकात पाहून आपल्याला वाटतं भिंतभर असेल, पण साधारण ए-थ्री कागदाएवढंच आहे. त्यामुळे त्याची रंगीत प्रिंट जवळजवळ मूळ आकारात काढता येते. ती काढा. मग फिक्या गुलाबी कागदाची बोटभर रुंदीची पट्टी कापा आणि हिरव्या पट्ट्यावर ठेवा.

मी हे दरवर्षी वर्गात करून दाखवतो आणि दरवर्षी वर्ग गप्प होतो. पट्टा झाकला की नाक बसतं. चेहऱ्याची डावी बाजू पिवळसर आहे, उजवी गुलाबी आहे, आणि मधला पट्टा गेल्यावर या दोन बाजू एका डोक्याच्या वाटतच नाहीत, शेजारी चिकटवलेले दोन तुकडे वाटतात. शिवाय उजवीकडची हिरवी पार्श्वभूमी एकदम पोरकी होते, कारण चित्रात तिचं सगळ्यात जवळचं नातं त्या पट्ट्याशी होतं. पट्टी काढा, चेहरा परत वळतो.

असं का होतं? एका बाजूने उजेड घेऊन तुम्ही व्यक्तिचित्र रंगवता तेव्हा कपाळ, नाकाचा दांडा, ओठ अशी एक रेघ असते जिथे उजेड संपतो आणि छाया सुरू होते. तुमच्या वर्गात ती रेघ बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग घालून काढायला शिकवतात. मातीसने हिरवा लावला तो बरोबर त्याच जागी. म्हणजे पारंपरिक व्यक्तिचित्राचा सांगाडा त्याने मोडला नाही, सांगाड्याचं सामान बदललं. एक बाजू उजळ आणि दुसरी काळोखी, याऐवजी दोन वेगळ्या रंगांच्या बाजू आणि मधे दोघींना जोडणारा आणि तोडणारा एक शीत, म्हणजे निळ्या-हिरव्याकडचा, रंग. डावीकडच्या पार्श्वभूमीत वर जांभळट आणि खाली नारिंगी आहे, आणि चेहऱ्याची गुलाबी बाजू मात्र उजवीकडे आहे. रंग असे तिरपे, आडवे एकमेकांना उत्तर देत जातात. वर केसांचा निळा-काळा अंबाडा सगळ्यांना दाबून धरतो. इतका गडद रंग चित्रात थोड्याच ठिकाणी आहे आणि तो नेमका हवा तिथे आहे.

आता तुमचे निळे गाल. तुमचं चित्र मी पाहिलेलं नाही, पण वर्णनावरून आणि शेकडो मुलांची कामं पाहून अंदाज सांगतो. तुम्ही आधी चेहरा नेहमीसारखा छायाप्रकाशाने उभा केलात. डोळ्यांच्या खोबणी गडद, नाकाखाली छाया, हनुवटीखाली छाया. चेहरा गोल झाला, उठाव आला. आणि मग त्यावर निळा, जांभळा चढवलात. म्हणजे चेहरा घडवण्याचं काम आधीच पार पडलेलं होतं आणि निळ्याला करायला काही उरलंच नव्हतं. असा चेहरा रंगपंचमीला रंग फासल्यासारखा दिसतो: माणूस तोच, वरून रंग. सरांना भडक म्हणायचं होतं ते बहुतेक हेच. त्यांचं बरोबर आहे.

ही गोष्ट मातीसलाही एका दिवसात सुचलेली नाही. वकिलाच्या कचेरीत कारकुनी करणारा हा माणूस विशीत आजारपणात अंथरुणाला खिळला, आईने रंगांची पेटी आणून दिली, तिथून सुरुवात झाली. पुढे चित्रकार ग्युस्ताव्ह मोरोच्या हाताखाली शिकला. मार्के, काम्वाँ, मांगें, रुओ हे चित्रकारही त्याच वर्गातले. १८९९ मध्ये खिशात पैसे नसताना त्याने आधीच्या पिढीतल्या सेझान या फ्रेंच चित्रकाराचं स्नान करणाऱ्या तीन स्त्रियांचं लहानसं चित्र विकत घेतलं आणि ते १९३६ पर्यंत जवळ ठेवलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्याला लोक रंगांचा उधळ्या समजतात, तो सदतीस वर्षं घरात सेझानसारखा बांधणीचा मास्तर ठेवून होता.

१९०४ चा उन्हाळा त्याने सें-त्रोपेला सिन्याकच्या शेजारी काढला. सिन्याक ठिपक्यांचा माणूस. शुद्ध रंगाचे छोटे ठिपके शेजारी शेजारी ठेवायचे, ते लांबून बघणाऱ्याच्या डोळ्यात मिसळतील, असा तो हिशोब. त्यामागे शेव्हरलचं १८३९ मधलं पुस्तक होतं. शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत रंगाईचा प्रमुख होता. काळा धागा नीट काळा दिसत नाही अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासलं तर रंगाईत दोष नव्हता, शेजारच्या धाग्यांचे रंग काळ्याला फिका पाडत होते. रंग एकटा कधीच दिसत नाही, शेजाऱ्यासकट दिसतो, हा नियम तिथून आला.

मातीसने ठिपके घालून पाहिले, मोठं चित्रही केलं, आणि सिन्याकने ते विकतही घेतलं. पण ठिपक्यांत एक अडचण आहे, ती तुम्ही घरी करून बघू शकता. लाल आणि हिरव्याचे बारीक ठिपके दाट भरा आणि सहा फुटांवरून बघा, मळकट राखाडी दिसेल. तेच दोन रंग तळहाताएवढ्या डागांत शेजारी ठेवा, दोघे एकमेकांना पेटवतात. ठिपका मोठा करत गेलं की विज्ञान तेच राहतं आणि परिणाम उलटा होतो. माझ्या समजुतीप्रमाणे फोव्हिझमचा तांत्रिक जन्म इथे आहे.

आणि मग १९०५ चा उन्हाळा, कोलिऊर. स्पेनच्या सीमेजवळचं, भूमध्य समुद्रावरचं मासेमारीचं छोटं गाव. मातीस मे महिन्यात आला, जुलैत पंचवीस वर्षांचा चित्रकार आंद्रे दरँ येऊन मिळाला. दोघांनी काही आठवडे शेजारी शेजारी काम केलं, एकमेकांची व्यक्तिचित्रंही केली. ती दोन्ही आज लंडनच्या टेट संग्रहात आहेत. दरँने त्या जुलैत चित्रकार मित्राला, व्लामँकला लिहिलेल्या पत्रात सावल्यांबद्दल लिहिलं आहे. इथल्या प्रखर उन्हात सावलीसुद्धा उजेडाने भरलेली आहे, सावली म्हणजे काळोख हे विसरावं लागेल, असा त्याचा आशय. उन्हाळ्यात भर दुपारी चुन्याच्या भिंतीवर पडलेली सावली ज्याने नीट पाहिली आहे, त्याला हे पटेल. ती काळी नसते. निळसर असते, कधी जांभळट, आणि तिच्यात बघवेल इतका उजेड असतो. काळा घालून ती रंगवली की ऊन मरतं.

कोलिऊरच्या त्या मुक्कामातलं उघड्या खिडकीचं चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. तेही छोटंच, ५५ × ४६ सेंटिमीटर. खिडकीच्या डावीकडची भिंत निळसर हिरवी, उजवीकडची गुलाबी-जांभळी. खोली एकच, उजेड एकच, मग भिंती दोन रंगांच्या कशा? कारण त्याला खोलीचा उबारा आणि थंडावा दोन्ही हवे होते आणि मधून बाहेरचा समुद्र. खिडकीच्या काचांत हे रंग अदलाबदल होऊन परत येतात. बाहेर बोटी गुलाबी पाण्यावर आहेत. आता फटकारे बघा. भिंतींवर रुंद आणि सपाट, कुंड्यांतल्या झाडांवर तुटक टिपके, पाण्यावर लांब ओढ. तीन प्रकारचा हात एका छोट्या कॅनव्हासवर. मनाला येईल तसं करणारा माणूस एवढी व्यवस्था ठेवत नाही.

हीच चित्रं त्या शरद ऋतूत पॅरिसच्या ग्राँ पॅलेमध्ये, सालों दोतोन प्रदर्शनाच्या सातव्या दालनात लागली. मातीस, दरँ, व्लामँक, मार्के, मांगें, काम्वाँ. त्यांच्या मधोमध आल्बेर मार्क नावाच्या शिल्पकाराची जुन्या इटालियन वळणाची, नाजूक शिल्पं ठेवलेली होती. समीक्षक लुई व्होसेलने १७ ऑक्टोबर १९०५ च्या वर्तमानपत्रात लिहिलं की हिंस्र श्वापदांत दोनातेल्लो (पंधराव्या शतकातला इटालियन शिल्पकार) सापडला आहे. श्वापदाला फ्रेंचमध्ये फोव्ह. नाव चिकटलं. मराठीत आपण रंगभारवाद म्हणतो. तो शब्द मला आवडतो, कारण चित्राचा भार रंगावर आहे हे त्यात आलं. श्वापद म्हटलं की सगळं रानटी आणि बेभान वाटतं, आणि तुमचा गैरसमज मुळात तिथून आला आहे.

प्रेक्षक हसले, चिडले. मातीसचं टोपीवाल्या स्त्रीचं चित्र सगळ्यात जास्त बोलणी खाऊन गेलं, आणि तेच पॅरिसमध्ये राहणाऱ्या अमेरिकन स्टाइन कुटुंबाने ५०० फ्रँकला घेतलं. आज ते सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कलासंग्रहालयात आहे.

खरोखर बेभान रंगवणारा या कंपूत एकच होता, व्लामँक. सायकलच्या शर्यती खेळायचा, व्हायोलिनच्या शिकवण्या करायचा, चित्रकला बहुतांशी स्वतःच शिकला. दरँ आणि तो सीनकाठच्या शातू गावचे, तिथे दोघांचा एकत्र स्टुडिओ होता. १९०१ मध्ये पॅरिसला व्हॅन गॉगचं मोठं प्रदर्शन झालं. ते पाहून व्लामँक पार हलून गेला, आणि तिथेच दरँने त्याची मातीसशी ओळख करून दिली. व्लामँकचा सीनकाठ बघा: ट्यूबमधून आलेला लाल, तसाच निळा, तसाच पिवळा. त्याची चांगली चित्रं जबरदस्त आहेत. पण तो रंग हातात ठेवण्यापेक्षा त्याच्या मागे धावतो, आणि काही वर्षांत त्याचे रंग काळवंडून गेले. हे माझं मत आहे, सगळे मानणार नाहीत. शिकायचं असेल तर आधी मातीस आणि दरँ बघा.

दरँची लंडनची चित्रं त्यासाठी उत्तम. व्होलार या चित्रव्यापाऱ्याने त्याला तिकडे पाठवलं, १९०६-०७ मध्ये त्याने तीस चित्रं केली. आधीच्या पिढीतल्या मोने या फ्रेंच चित्रकाराने लंडनची थेम्स नदी धुक्यात विरघळवली होती. दरँने तिच्या बंदरातल्या जहाजांना पुढे लाल-नारिंगी आणि मागे निळे-हिरवे रंग दिले. लांबचं फिकं आणि जवळचं गडद, हा निसर्गचित्राचा नियम तुम्हाला माहीत आहे. इथे फिकं-गडद न करता उष्ण (लाल-नारिंगीकडचा) रंग पुढे येतो आणि शीत मागे जातो, एवढ्यावर खोली उभी आहे.

तर तुमच्या चित्रात काय सुधारायचं? पहिलं सांगून झालं: छायाप्रकाश आणि रंग, दोघांना एकच काम देऊ नका. ज्या चेहऱ्यात निळा वापरायचा आहे तिथे अंबर आणि काळा डब्यात ठेवा. कोळशाने फक्त बाह्यरेषा आणि डोळे-नाक-तोंडाच्या जागा घ्या, शेडिंग करू नका. मग स्वतःला विचारा, चेहऱ्याचं कोणतं पृष्ठ कोणत्या दिशेला वळतं. प्रत्येक वळणाला रंग बदला. कपाळ पुढे येतं, तिथे उष्ण. कानशिलाकडे वळतं, तिथे शीत. त्यात निळा गाल आला तर येऊ द्या, पण तो गाल वळतो म्हणून आला पाहिजे.

दुसरं, रंगाचं क्षेत्रफळ. ढोल-ताशा पथकात सगळ्यांनी ताशेच हातात घेतले तर नुसता कल्ला होईल, ठेका सापडणार नाही. मुलांच्या चित्रात सगळे रंग सारख्याच आवाजात आणि सारख्याच आकारात असतात. एक रंग निम्म्या चित्रावर पसरू द्या, एक चिमूटभर ठेवा. मातीसचा यावर पक्का विश्वास होता की निळ्याचा मोठा डाग छोट्या डागापेक्षा जास्त निळा असतो. कागदाचे तुकडे कापून बघा, खरं आहे.

तिसरं, कॅनव्हासचा पांढरा. कोलिऊरची चित्रं जवळून पाहिलीत तर फटकाऱ्यांमध्ये जागोजागी कोरा कॅनव्हास दिसतो. तिथे काम अपुरं राहिलेलं नाही. ओला लाल ओल्या हिरव्याला टेकला की दोघेही मळतात, आणि मधे गव्हाएवढी पांढरी फट राहिली की दोघेही स्वच्छ राहतात. माझ्या एका विद्यार्थ्याने भोपळा, वांगी आणि पितळी तांब्या असं स्थिरचित्र केलं होतं. सगळं जमूनही चित्र गुदमरलेलं होतं. त्याला मी चाकूने दोन-तीन कडांवरचा रंग खरवडून खालचा पांढरा उघडा करायला लावला. वांग्याचा जांभळा आणि भोपळ्याचा नारिंगी यांच्यामध्ये पांढरी वाट पडली आणि टेबलावर हवा खेळायला लागली. एकही रंग बदलला नव्हता.

चौथं, आणि हे सगळ्यात कष्टाचं: आधी लावलेला रंग नंतर बदलावा लागतो. १९०८ मध्ये मातीसने आपल्या कामाबद्दल लेख लिहिला, त्यात त्याने हे फार सोपं करून सांगितलं आहे. खोलीतलं कपाट त्याला लाल भासतं, म्हणून तो लाल लावतो. त्या लालाचं पांढऱ्या कॅनव्हासशी नातं जुळतं. शेजारी हिरवा आला, जमीन पिवळी झाली, की तिघांमध्ये नवं नातं. पण प्रत्येक नवा रंग आधीच्याला थोडा मारतो, म्हणून सगळे परत तोलावे लागतात, आणि कधी कधी चित्राचा मुख्य रंगच बदलतो. हे तो नुसतं बोलला नाही. त्याच वर्षी रशियन संग्राहक श्चुकिनसाठी केलेलं जेवणाच्या खोलीचं मोठं चित्र आधी निळं होतं. ते त्याने भिंत आणि टेबलक्लॉथसकट लाल करून टाकलं. लालच हवा म्हणून हटून बसलेल्या माणसाने ते पहिल्या दिवशीच लाल केलं असतं.

चळवळ म्हणून हे सगळं तीन-चार वर्षांत संपलं. १९०७ मध्ये सेझानचं स्मृतिप्रदर्शन झालं, याच कंपूतले ब्राक आणि दरँ आकाराच्या बांधणीकडे वळले, घनवाद (क्युबिझम, वस्तू भौमितिक आकारांत मांडणारी शैली) आला. मातीस एकटा रंगाबरोबर शेवटपर्यंत राहिला. आपल्याकडे १९४७ मध्ये मुंबईत सुझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, तेव्हा फ्रान्समधलं हे काम त्यांच्या नजरेसमोर होतं. रझा १९५० मध्ये पॅरिसला गेले आणि कित्येक दशकं तिकडेच राहिले. आरांची फुलदाण्यांची आणि फळांची चित्रं कुठे पाहायला मिळाली तर थांबून बघा. त्यांनी हा धडा स्वतःच्या हाताने, स्वतःच्या रंगांत गिरवलेला आहे.

राहिला रंगांचा प्रश्न. फोव्हिस्टांकडे होतं ते एकोणिसाव्या शतकाच्या रसायनशाळांचं देणं: कोबाल्ट ब्लू, कृत्रिम अल्ट्रामरीन, १८५९ मध्ये पेटंट झालेला व्हिरिडियन हा हिरवा, कॅडमियम यलो. कॅडमियम रेड मात्र १९१० च्या सुमारास बाजारात आला, म्हणून त्यांचा लाल हा व्हर्मिलियन (शेंदरी लाल) किंवा लेक (विरघळणाऱ्या रंगापासून केलेला) रंग आहे. त्यांची प्रत करताना लाल जरा वेगळा पडला तर घाबरू नका.

हे रंग सगळे टिकलेही नाहीत. मातीसचं १९०५-०६ मधलं आनंदी जीवनाचं मोठं चित्र फिलाडेल्फियाच्या बार्न्स संग्रहात आहे. त्यातला कॅडमियम यलो शंभर वर्षांत बिघडला. मध्यभागी आडव्या झालेल्या स्त्रियांभोवतीचा पिवळा फिका हस्तिदंती झाला, झाडांमधला काही भाग तपकिरी पडला. कॅडमियम सल्फाइडचं उजेड आणि हवेमुळे सल्फेट झालं, असं तपासणीत निघालं. एक पिवळा गेल्यामुळे शेजारचे गुलाबी आणि हिरवेही आज आपल्याला मातीसने तोलले तसे दिसत नाहीत. आजचे कॅडमियम रंग पुष्कळ टिकाऊ आहेत, ती काळजी नको.

तुम्ही सात ट्यूब घ्या: कॅडमियम यलो, कॅडमियम रेड किंवा व्हर्मिलियन ह्यू, क्विनाक्रिडोन रोज, अल्ट्रामरीन, कोबाल्ट ब्लू, व्हिरिडियन, टायटॅनियम व्हाइट. बजेट कमी असेल तर कोबाल्ट वगळा. सरावासाठी पोस्टर कलरही चालतील, फक्त फ्लोरोसंट डब्या घेऊ नका, त्या शेजारच्या कुठल्याच रंगाला बोलू देत नाहीत. कुंचले चार तरी हवेत, पिवळ्याचा वेगळा, लालाचा वेगळा, निळ्या-हिरव्याचा वेगळा आणि पांढऱ्याचा वेगळा, नाहीतर दहा मिनिटांत सगळं चिखल होतं. आणि मैत्रिणीला परत बसवा. तिला खिडकीशेजारी बसवा, उजेड एका बाजूने येऊ द्या, आणि पहिली गोष्ट म्हणून नाकावरची ती रेघ शोधा जिथे उजेड संपतो.